ठाकूरद्वारची दारे आणि त्यांची कुलपे

मुंबईच्या गिरगावातल्या ठाकूरद्वार भागात जुन्या चाळींत खोलीला दोन फळ्यांचे सागवानी दार असे. फळ्या जाड, चौकट त्याहून जाड आणि उंबरठा पावलांनी मधोमध झिजलेला. बाहेरून एका फळीच्या माथ्यावर लोखंडी कडी आणि चौकटीच्या वरच्या लाकडात कोयंडा. बाहेर जाताना दोन्ही फळ्या ओढायच्या, कडी कोयंड्यावर चढवायची आणि कोयंड्याच्या भोकात कुलूप अडकवायचे. आतून आडवा अडसर असे. पुढे त्याच्या जागी लोखंडी किंवा पितळी बोल्ट आले. या रचनेत मालकीची वाटणी आपोआप झाली होती. दार, कडी आणि कोयंडा घरमालकाचे, कुलूप भाडेकरूचे. दार बिघडले तर घरमालकाकडे जायचे, कुलूप बिघडले तर बाजारात. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दाराचे लाकूड बदलले, कुलपाची जात बदलली आणि या दोघांतली सीमारेषाही पुसट झाली.

गिरगाव आधी वाड्यांचे गाव होते. झावबावाडी, फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही नावे त्या वस्तीची खूण सांगतात. वाडीतले घर एका कुटुंबाचे, पुढे ओटा किंवा पडवी, आणि दिवसा दार लावण्याचा प्रश्नच नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कचेऱ्या, छापखाने, पेढ्या आणि गिरण्या यांच्या आधाराने कोकणातून आणि देशावरून माणसे आली आणि वाड्यांच्या मोकळ्या जागेत चाळी उठल्या. लाकडी सांगाडा, त्यात विटांच्या भिंती, समोर सामाईक गॅलरी आणि तिच्यावर उघडणारी ओळीने दारे. सागवान बहुधा ब्रह्मदेशातून येई. कडी-कोयंडे लोहार घडवून देई आणि सुतार ते बसवून देई.

चाळीतही दार दिवसभर उघडेच राही. गॅलरीत सतत कोणी ना कोणी असल्यामुळे परका माणूस जिना चढला की चार घरांना कळे. कुलूप लागे ते घरातले सगळे बाहेर गेले तर, आणि तेव्हाही किल्ली शेजारच्या घरी ठेवली जाई. शाळेतून आलेले मूल ती मागून घेई. खरे कुलूप लागे ते मे महिन्यात, शिमग्याला आणि गणपतीला, बिऱ्हाड गावी गेले की. चाळीतले आणखी एक कुलूप इतिहासात सहसा येत नाही, ते म्हणजे संडासाचे. अनेक चाळींत टोकाचे संडास दोन-तीन बिऱ्हाडांना मिळून वाटून दिलेले असत. त्यांना स्वतंत्र कुलूप असे आणि किल्ली घरात दाराजवळच्या खिळ्याला लटकत असे. घराच्या कुलपापेक्षा हे कुलूप कितीतरी जास्त वेळा उघडले जाई आणि त्यामुळे लवकर बिघडेही.

कुलपाला गंभीर महत्त्व आले ते प्लेगच्या काळात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. अख्ख्या चाळी कुलूपबंद पडल्या. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि सरकारी पथकांना घरात शिरून तपासणी आणि निर्जंतुकीकरण करण्याचे अधिकार मिळाले. बंद घरे उघडली जाऊ लागली. आपल्या गैरहजेरीत आपले दार उघडले जाते, हा अनुभव शहरातल्या सामान्य भाडेकरूला एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच आला असावा.

त्याच वर्षी, मे १८९७ मध्ये, अर्देशिर गोदरेज यांनी लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी एका लहानशा शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू केला. अर्देशिर मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी आधी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याचा उद्योग केला आणि तो फसला. शहरात वाढलेल्या घरफोड्यांची बातमी वर्तमानपत्रात वाचून ते कुलपांकडे वळले, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. प्लेगमुळे रिकामी पडलेली घरे आणि या घरफोड्या यांचा थेट संबंध जोडण्याचा मोह होतो, पण दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या एवढे म्हणणे पुरे.

तोवर बाजारात दोन प्रकारची कुलपे होती. देशी लोहाराचे कुलूप साधे आणि एकाच्या किल्लीने दुसरे उघडेल असे. विलायती कुलूप लिव्हरचे. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पितळी पट्ट्या. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली गेली तरच आतला खटका सरकतो. दोन्ही बाजूंनी अडणाऱ्या लिव्हरची कल्पना इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये आणली आणि १८१८ मध्ये चब यांनी ती पुढे नेली. चबचे कुलूप अभेद्य समजले जाई. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते साक्षीदारांदेखत उघडून दाखवले तेव्हा इंग्लंडात खळबळ उडाली. हिंदुस्थानात अलिगढला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कुलपांचा धंदा उभा राहिला आणि अलिगढी कुलूप स्वस्त म्हणून देशभर पोहोचले.

लिव्हरच्या कुलपाचे दुखणे बहुधा स्प्रिंगमध्ये असे. प्रत्येक पट्टी खाली ढकलायला बारीक स्प्रिंग लागते. ती गंजली किंवा तुटली की किल्ली फिरते पण कुलूप उघडत नाही. गोदरेज यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्प्रिंग नसलेले कुलूप तयार करून त्याचे पेटंट घेतले, यामागे हेच कारण होते. समुद्रकाठच्या शहरात ही सुधारणा विशेष मोलाची होती. ठाकूरद्वार नाक्यापासून चौपाटी फार दूर नाही. खारी हवा बारा महिने आणि वर पावसाचे चार महिने. १९५४ मध्ये बाजारात आलेले गोदरेजचे ‘नवताल’ हे सहा, सात किंवा आठ लिव्हरचे पितळी कुलूप गिरगावातल्या दारांवर दिसू लागले, आणि मुलीच्या नव्या संसाराला भांड्यांबरोबर असे एक कुलूप देणारी घरेही होती.

तरीही कुलूप अडे. त्याची कारणे शोधायला गेले तर कुलपापेक्षा दाराकडेच जास्त पाहावे लागते. पावसात सागवानसुद्धा थोडे फुगते आणि फळ्या एकमेकींवर घासतात. चाळीची तुळई खचली की चौकट तिरकी होते आणि कडी कोयंड्यापर्यंत पोहोचत नाही. मग माणूस कडी ओढून-ताणून चढवतो, कुलपाचा आकडा वाकडा बसतो आणि त्याच्यावर सतत ताण राहतो. काही महिन्यांनी कुलूप ‘जाम’ झाले अशी तक्रार येते. जाणता सुतार आधी दाराचा आडवा-उभा पाहत असे, बिजागरीखाली पत्र्याची पट्टी सरकवत असे किंवा कोयंडा अर्धा इंच हलवत असे. नवे कुलूप आणण्याचा सल्ला तो सगळ्यात शेवटी देई.

कुलपाच्या पोटातला बिघाड मात्र चावीवाल्याचे काम. नाक्यावर पदपथाच्या कडेला लाकडी खोके, त्यावर किल्ल्यांचे जुडगे, कानस आणि छोटा शिकंजा एवढाच त्याचा पसारा. या कामात शिकलगार समाजातले कारागीर पुष्कळ. हत्यारांना धार लावण्याचा त्यांचा मूळ व्यवसाय आटला तसे त्यांतले अनेक जण किल्ल्यांकडे वळले. हरवलेल्या किल्लीची जोड करण्याची चावीवाल्याची रीत पाहण्यासारखी असते. कोऱ्या किल्लीचे पाते मेणबत्तीवर धरून त्यावर काजळी चढवायची, ती कुलपात घालून हलकेच दाब द्यायचा. लिव्हर जिथे टेकतात तिथली काजळी पुसली जाते. तेवढीच जागा कानशीने घासायची आणि पुन्हा काजळी धरायची. असे पाच-सात वेळा केले की कुलूप उघडते. यात कुलूप फोडावे लागत नाही. हीच विद्या चोराच्या हातीही असू शकते, म्हणून पोलीस चावीवाल्यांना गिऱ्हाइकाची नोंद ठेवायला सांगत आले आहेत. नवी कुलपे, कड्या, स्क्रू हवे असतील तर लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट पायी जाण्याच्या अंतरावर होते, आजही आहेत.

स्वातंत्र्याच्या वर्षी दाराच्या इतिहासाला कायद्याचे वळण मिळाले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. इमारत दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावरच ठेवली होती. त्याने टाळाटाळ केल्यास नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करावा, अशी सोयही होती. पण महिन्याचे भाडे काही रुपये असताना सुताराची मजुरी त्यातून वळती व्हायला वर्षे लागली असती. घरमालकाने हात वर केले आणि दार, कडी, कोयंडा सारेच व्यवहारात भाडेकरूच्या अंगावर आले. कुजलेल्या चौकटीला पत्रा मारणे, दोन फळ्यांपैकी एक कायमची खिळवून दुसरीवरच कुलूप बसवणे, अशी तात्पुरती कामे त्यातूनच रूढ झाली. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि उपकर भरणाऱ्या १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. पण मंडळ तुळया आणि जिने पाहणार. खोलीच्या दाराचा कोयंडा त्याच्या यादीत कुठला?

भाडे नियंत्रण कायद्याने बंद कुलपालाही एक वेगळाच अर्थ दिला. वाजवी कारण नसताना सलग सहा महिने जागा वापरली नाही तर घरमालकाला ताबा मागता येत असे, आणि १९९९ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम राहिली. उपनगरात फ्लॅट घेतलेल्या कुटुंबाला गिरगावातली पागडीची खोली सोडवत नसे. मग महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी येऊन कुलूप उघडी, दिवा लावी, वीजबिल भरी. गंजलेले कुलूप खटल्यात पुरावा ठरू शकत होते आणि तेल दिलेले कुलूपही. दाराची आतली अवस्था कशीही असो, कुलूप चालू ठेवणे म्हणजे हक्क चालू ठेवणे. चाळींतली सर्वांत चकचकीत कुलपे कित्येकदा बंद खोल्यांवरच असत, ती यामुळे.

साठ-सत्तरच्या दशकांपासून इमारतींत एका फळीचे प्लायवुडचे फ्लश दार आले आणि त्याबरोबर लॅच. लॅचचा सिलिंडर बहुधा पिनांचा, अमेरिकेत लायनस येल याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केलेल्या पद्धतीचा. दार ओढले की आपोआप बंद होते, ही त्याची सोय आणि तोच त्याचा त्रास. किल्ली आत विसरून गॅलरीत अडकलेला माणूस ही लॅचबरोबर आलेली नवी गोष्ट. आता कुलूप दारापासून सुटे राहिले नाही. ते बदलायचे तर दार कोरावे लागे आणि जुन्या कुलपाचे भोक नव्याला जुळेलच असे नसे.

एकविसाव्या शतकातल्या पुनर्विकासाने उरलेसुरले लाकूडही काढले. मेट्रो-३च्या गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या, तर इतर अनेक विकास नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली पुनर्विकासात गेल्या. उतरवलेली सागवानी दारे, कड्या आणि कोयंडे चोरबाजारात व ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात पोहोचले. नव्या घरांत मुख्य दार लॅमिनेट चढवलेले, त्याच्या बाहेर जाळीचे सेफ्टी डोअर. न्हाणीघराला फायबरचे किंवा पीव्हीसीचे दार आणि काही ठिकाणी लाकडाचा भुसा व प्लास्टिक एकत्र करून बनवलेली चौकट. अशी मिश्र साहित्याची दारे पाण्याने कुजत नाहीत आणि वाळवीही त्यांना लागत नाही. पण फायबरची कातडी पातळ आणि आत फोम असतो, त्यात स्क्रू धरत नाही. म्हणून कारखान्यातच कुलपाच्या जागी लाकडाचा ठोकळा भरलेला असतो. बसवणाऱ्याने त्या ठोकळ्याच्या बाहेर भोक पाडले की हँडल काही महिन्यांत डुगडुगू लागते. मोठे स्क्रू मारून उपयोग होत नाही. भोक राळेने भरून आरपार बोल्ट टाकणे किंवा दोन्ही बाजूंना पट्टी लावणे हाच त्यावर उपाय.

विलायतेत असे मिश्र दार घराच्या दर्शनी भागी असते आणि एक हँडल उचलले की तीन-चार जागी खटके बसतात. ही अनेक खटक्यांची कुलपे मुंबईत आता महागड्या फ्लॅटांत येऊ लागली आहेत. दार बिजागरीवर दोन मिलिमीटर खाली बसले तरी त्यांचे खटके चौकटीतल्या खाचांना चुकतात. रहिवासी हँडल जोर लावून उचलतो आणि आतली दातेरी पेटी तुटते. यातला सिलिंडर बदलणे सोपे आहे, दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढला आणि किल्ली थोडी फिरवली की तो बाहेर येतो; मात्र नवा सिलिंडर दाराच्या जाडीच्या मापाचा हवा. पेटी बदलण्याआधी दार सरळ करावे लागते, नाहीतर नवीही तशीच तुटते. खळगे पाडलेल्या चपट्या किल्लीची जोड कानशीने होत नाही, म्हणून नाक्यावरच्या चावीवाल्याजवळही आता विजेवर चालणारे यंत्र आणि ‘कॉम्प्युटर चावी’ अशी पाटी दिसते.

दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर पुन्हा कागदावर गेले आहे. १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झालेल्या रेरा कायद्यानुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष आढळला तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. हे संरक्षण फ्लॅट विकत घेणाऱ्याला आहे. त्याच इमारतीत परत आलेल्या जुन्या भाडेकरूचे दार मात्र विकासकाशी झालेल्या करारनाम्यावर अवलंबून असते, आणि त्या करारनाम्याच्या सोयींच्या यादीत दाराचा प्रकार आणि कुलपाची कंपनी लिहून घेणारे रहिवासी हल्ली वाढले आहेत.