वऱ्हाडांतील स्त्रीपीडेचीं लिखित साधनें

घरांतील छळाचा इतिहास लिहूं जातां पहिली अडचण साधनांची येते. वतनाचा तंटा दप्तरांत सांपडतो. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या स्त्रीचा शब्द क्वचितच सांपडतो. म्हणून जीं थोडीं साधनें उरलीं, त्यांचें मोल अधिक.

पहिलें साधन वऱ्हाडांतलेंच आहे. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें ती सौम्य करण्यांत आली. त्या निमित्तानें स्त्रीजातीवर झालेली टीका असह्य होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुण्यास छापविली. प्रती ५००, किंमत ९ आणे. १८८५ सालीं जोतीराव फुले यांनीं तिची बाजू घेतली. तरी ग्रंथ दृष्टिआड झाला, तो १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुनः प्रसिद्ध केला.

दुसरें साधन फुल्यांचें ४ डिसेंबर १८८४ चें टिपण. १८६३ सालीं त्यांनीं पुण्यांत स्थापिलेल्या गृहांत तोंवर ३५ विधवा बाळंत झाल्या. मुलें ५ च जगलीं. गर्भ लपविण्यासाठीं घेतलेल्या औषधांनीं इतर दगावलीं, असें ते लिहितात.

परंतु तें गृह ब्राह्मण विधवांकरितां होतें, आणि ताराबाई साक्षर घरांतल्या. त्याच काळीं वणी जिल्हा म्हणविणाऱ्या, १९०५ पासून यवतमाळ झालेल्या मुलखांतील कोलाम, गोंड व बंजारा स्त्रियांचा शब्द या दोहोंत नाहीं. कागद नाहीं म्हणून पीडा नव्हती, असें अनुमान काढणें मात्र शास्त्रशुद्ध नव्हे.

२६ ऑक्टोबर २००६ पासून ही स्थिति पालटण्याची सोय झाली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यान्वयें संरक्षण अधिकारी पीडितेच्या घटनेचा अहवाल लिहितो. मार, शिव्या, पैशाची अडवणूक यांची नोंद त्यांत होते. पांढरकवडा वा झरी-जामणीकडील निरक्षर स्त्रीचेंही गाऱ्हाणें अशा रीतीनें कागदावर येऊं शकतें. तिला आसरा व न्याय मिळण्याचा मार्ग याच कागदापासून निघतो.

हे कागद रद्दींत जाऊं नयेत, हें आम्हां संग्राहकांचें काम. पण कायद्यानें ज्या प्रकरणाची सुनावणी बंद दालनांत करण्याची मुभा दिली, त्यांतील हयात स्त्रीचें नांव आम्ही उघड करणें अनुचित होय. जपणूक आज, प्रकाशन तिच्या संमतीनें, असाच क्रम असावा, असें आमचें मत आहे.