चढावर दमलेली गाडी

डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्यावर रिक्षावाल्याला 'प्रीमियर ग्राउंड' एवढंच सांगा, तो बरोबर नेऊन सोडतो. तिथं सभा होतात. पण हे नाव कुठून आलं, ते नव्या इमारतींतल्या मुलांना सांगावं लागतं. या भागात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन बनावटीच्या आणि मग इटलीच्या फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १०८९ सीसी इंजिनाची पद्मिनी तर मुंबईची टॅक्सी म्हणूनच ओळखली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही निवृत्त झाली. १९९० नंतरच्या दशकात याच कंपनीनं फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ निघाली. १९९७ साली प्यूजो या भागीदारीतून बाहेर पडली.

मला सांगायचं आहे ते याच घराण्यातल्या ११८ एनई या गाडीविषयी. ती १९८५ साली आली. अंग फियाट १२४ चं, म्हणजे १९६६ सालच्या इटालियन गाडीचं. इंजिन मात्र जपानच्या निस्सानचं, ११७१ सीसीचं. नावातली 'एनई' ही अक्षरं त्या इंजिनाची. पद्मिनी चालवलेल्या माणसाला ती घोड्यासारखी वाटे. रॅलींतही ती धावली.

माझ्या वडिलांनी ही गाडी १९८९ साली घेतली. ते गेल्यावर ती ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या इमारतीखाली सात-आठ वर्षं नुसती उभी होती. दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणली, तर घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला तिचा दम तुटायचा. सपाटीवर उत्तम, चढावर पाच मिनिटांत धाप लागल्यासारखी मागं ओढायची. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं, की पुन्हा ठणठणीत! दोन गॅरेजवाल्यांनी एकच निदान केलं : इंजिन संपलं, उघडावं लागेल. सांगितलेला खर्च ऐकून गाडी भंगारात द्यायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

तेव्हा डोंबिवलीचे एक काका आठवले. त्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं फिटर म्हणून काढली होती. ते आले आणि बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "थांबल्यावर बरी होते म्हणतोस ना? अरे, झिजलेलं इंजिन दहा मिनिटांत बरं होतं का?"

एवढ्या एका प्रश्नात अर्धं निदान होतं. तरी त्यांनी काहीही गृहीत धरलं नाही. इंजिनाला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब लागतो, आणि जळलेला धूर मोकळा बाहेर जावा लागतो. त्यातलं एकेक ते तपासत गेले. प्लग काढून चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारही आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे रिंगा आणि व्हॉल्व्ह शाबूत. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट आणि टायमिंग बरोबर. एअर फिल्टर स्वच्छ. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून पाहिला. धूर अडत नव्हता.

मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून त्यांनी ती बाटलीत धरली आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. पेट्रोलची धार आधी जोरात आली, मग बारीक होत होत थेंबांवर आली. पंप बदलून पाहिला, तरी तेच. टाकीपासूनची नळी सोडवून तिच्यात टाकीच्या दिशेनं फुंकर मारली, तर आत बुडबुडे उठले आणि धार पुन्हा मोकळी झाली. काका हसले. "आजार पोटात आहे," म्हणाले.

टाकी उतरवली. तळाशी गंजाच्या पापुद्र्यांचा चिखल! आपल्याकडच्या पावसाळी हवेत अर्धवट रिकामी टाकी वर्षानुवर्षं उभी राहिली, की आत दव धरतं आणि पत्रा गंजतो. चढावर इंजिन जास्त पेट्रोल ओढतं, त्या ओढीनं पापुद्रे नळीच्या तोंडाच्या जाळीवर जाऊन बसत. गाडी थांबली की ओढ संपे, पापुद्रे खाली पडत आणि वाट मोकळी होई. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं, म्हणून तिथं काही जाणवत नसे. टाकी धुतली, जाळी आणि नळ्या बदलल्या. इंजिनाला हातही लावावा लागला नाही.

कारखान्यांचा इतिहास लिहिताना आपण मालक, करार आणि साल लिहितो. काकांसारख्या माणसांच्या हातात होतं ते कुठल्या करारात नव्हतं. कारखाना गेला, नाव मैदानाला उरलं. आणि ही विद्या अशा काही सत्तरी ओलांडलेल्या घरांत विखुरली. आपल्या आसपास असं कुणी असेल, तर त्यांना जरूर बोलतं करावं.

पुढच्या रविवारी काकांना शेजारी बसवून मी गायमुख चढलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुठंही न अडखळता वर आली. काका काहीच बोलले नाहीत. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. वर पोचल्यावर म्हणाले, "टाकी भरलेली ठेवत जा."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)