गरीब, मुसाफिर आणि खानदेशचा रस्ता

दरवर्षी आठवीच्या वर्गात मी फळ्यावर एक शब्द दोन लिप्यांत लिहितो. एकदा उर्दूत, एकदा मराठीत. शब्द अगदी साधा आहे, ‘गरीब’. अर्थ विचारला की सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘ज्याच्याकडे पैसे नाहीत तो.’ मग मी सांगतो की हा शब्द अरबीतून निघाला तेव्हा त्याचा पैशाशी काही संबंध नव्हता. अरबीत गरीब म्हणजे परका, आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या गावात आलेला माणूस. उर्दूत ‘गरीबुल वतन’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. परक्या गावात ना ओळख, ना पत, ना कोणी उधार देणारा. त्यामुळे परका माणूस आणि निर्धन माणूस एकच होऊन गेले, आणि आपल्या भाषांनी फक्त दुसरा अर्थ ठेवला.

एका वर्षी एका मुलीने विचारलं, “सर, मग आपण दुसऱ्या गावाला गेलो तर आपण पण गरीबच का?” मी म्हटलं, “हो बेटा, प्रत्येक जण कुठे ना कुठे गरीबच असतो.” उत्तर पटकन दिलं खरं, पण ते मलाच नंतर बरेच दिवस पुरलं. आजचा लेख त्यातूनच आलाय.

खानदेशाच्या इतिहासात हा शब्द एका मोठ्या माणसाच्या नावात बसलेला आहे. हजरत बुरहानुद्दीन गरीब. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद. मुहम्मद तुघलकाच्या काळात दिल्लीहून जी माणसं दौलताबादेला आली, त्यांच्यातले ते एक. म्हणजे दख्खनला ते परकेच होते. १३३७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि खुलदाबादेत त्यांची मजार आहे. पुढे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या नासिर खानाने तापीकाठी एक शहर वसवलं आणि त्याला या सूफींचं नाव दिलं, बुऱ्हाणपूर. समोरच्या काठावर जैनाबाद वसवलं, ते त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन यांच्या नावाने. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण त्या काळी ती खानदेशची राजधानी होती. त्याआधी फारुकींचं ठाणं थाळनेरला होतं. ते आपल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्याच काठावर, आणि त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत. म्हणजे ज्या मुलखाने आपल्या राजधानीला एका परक्याचं नाव दिलं, त्या मुलखाचे आपण रहिवासी आहोत.

हे योगायोगाने झालं असं मला वाटत नाही, कारण खानदेश हा मुळात रस्त्याचा मुलूख. उत्तरेतून दख्खनला उतरायचं तर अशीरगडाखालून बुऱ्हाणपूर. सुरतेच्या बंदरातून आग्र्याला जायचं तर नवापूर, नंदुरबारवरून तापीचं खोरं धरून पुन्हा बुऱ्हाणपूर. १६१५ साली इंग्रजांचा वकील थॉमस रो जहांगीर बादशहाकडे निघाला तो याच वाटेने. व्यापारी, फौजा, हाजी, फकीर, बैरागी, बंजाऱ्यांचे तांडे, सगळे इथूनच गेले. पुढे रेल्वे आली तरी भुसावळ जंक्शनच झालं. अर्धा देश आमच्या गावात गाडी बदलतो.

ज्याच्या दारावरून रस्ता जातो त्याला परक्याविषयी काहीतरी ठरवावंच लागतं. त्याला पाणी द्यायचं की दार लावून घ्यायचं? आणि खानदेशात प्रश्न पाण्यापासूनच सुरू होतो. मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा तहान म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. १६१५ च्याच सुमारास, अब्दुर्रहीम खानेखाना बुऱ्हाणपूरला सुभेदार असताना तिथे एक पाणीयोजना झाली, जिला आज कुंडी भंडारा म्हणतात. सातपुड्याच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उतारावर, शहरापर्यंत आणलेलं. वर ओळीने शंभराहून जास्त विहिरींसारख्या कुंड्या. चारशे वर्षं झाली, त्यात अजून पाणी वाहतं.

बादशहाची कामं मोठी असतात, पण गावोगावचं काम रांजणाने केलं. आमच्याकडे त्याला पाणपोई म्हणतात, मोहल्ल्यात सबील म्हणतात. ‘सबील’चा मूळ अर्थ आहे रस्ता. कुरआनात द्यायला सांगितलंय तिथे अनेकदा अनाथ आणि गरजवंतांच्या बरोबरीने ‘इब्नुस्सबील’ येतो, म्हणजे शब्दशः ‘रस्त्याचा मुलगा’. मुसाफिर. जकातीचे जे आठ हक्कदार ठरवले आहेत त्यांत तोही आहे. तो आपल्या गावी श्रीमंत असेल, पण रस्त्यावर अडलाय ना? मग त्याचा हक्क आहे. लक्षात घ्या, हक्क म्हटलंय. भीक नाही, उपकार नाही. आणि त्याची जात, गाव, मजहब यांची अट तिथे लावलेली नाही.

मुस्लिम शरीफमध्ये एक हदीस आहे, ती मी मुलांना नेहमी सांगतो. कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याकडे तक्रार करेल की मी आजारी होतो, भुकेला होतो, तहानलेला होतो, आणि तू आला नाहीस. बंदा गोंधळून जाईल की सगळ्या जगाच्या मालकाला भूक कशी लागेल? तेव्हा त्याला त्याच्या शेजारचा आजारी, दारात आलेला भुकेला, पाणी मागणारा आठवून दिला जाईल. यात एक बारीक गोष्ट आहे. भुकेल्या-तहानलेल्याच्या बाबतीत सांगितलंय की त्याला दिलं असतंस तर ते माझ्याकडे जमा सापडलं असतं. आजाऱ्याच्या बाबतीत मात्र सांगितलंय की त्याच्याकडे गेला असतास तर मीच तिथे भेटलो असतो. अल्लाहला शोधायचा पत्ता याहून सोपा काय असू शकतो?

याच तासाला मी मराठीच्या पुस्तकातली नाथांची गोष्टही सांगतो. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथ महाराजांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, आणि माझा देव इथेच पोचला असं मानलं. मुलं लगेच दुसरी गोष्ट जोडतात, वाळवंटात विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाची, ज्याच्या त्या एका कामावर अल्लाहने त्याला माफ केलं. पैठण आणि अरबस्तान यांच्यात समुद्र आहे, पण तहान एकच आहे हे तेरा वर्षांच्या पोरांना कळतं.

अमळनेरला साने गुरुजी आले तेही परकेच. कोकणातल्या पालगडचा माणूस, १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. छात्रालयातल्या मुलांची कामं गुपचूप करून ठेवणारे गुरुजी, ही आठवण खानदेशात अजून सांगतात. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं झाली, ती त्यांनीच लिहून घेतली. आणि याच गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलं. दुसऱ्याचं घर आतून बघण्याची ही तयारी. मास्तर म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण मी इतिहास लिहितोय, आणि इतिहासात आपल्या जिल्ह्याचा १ जुलै २०१८ हा दिवसही आहे.

त्या रविवारी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत फिरणं हाच त्यांच्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून पसरलेली होती. लोकांना संशय आला, जमाव जमला, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप पाचपेक्षा जास्त ठिकाणी एकदम पुढे पाठवायला बंदी घातली. पाच माणसं गेल्यावर पाचाची मर्यादा आली.

ते पाच जण कोण होते? अरबी अर्थाने गरीब आणि मराठी अर्थानेही गरीब. इब्नुस्सबील, रस्त्याची मुलं. जो भगव्या कपड्यात दारात येतो त्याला आपली आजी पसाभर दाणे घालायची, त्याच माणसाला नातवाने मोबाईल बघून ओळखलंच नाही. मारणारे राक्षस होते असं म्हणून मला सुटता येत नाही. ते घाबरलेले बाप होते, भाऊ होते. भीतीला परक्याचा चेहरा दिसत नाही, एवढंच खरं.

हे मी खात्रीने सांगतो, कारण दोन वर्षांनी तीच भीती माझ्या घरात शिरली. एप्रिल २०२०, लॉकडाऊन. दुपारी कोणीतरी गेट वाजवलं. खांद्यावर पिशवी, तोंडाला गमछा. “पानी मिलेगा, भैया?” मी खिडकीतूनच हाताने ‘पुढे जा’ अशी खूण केली. करोनाची भीती होती, हे कारण खरं आहे. पण अम्मी आतून सगळं बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “सबील किसके लिए लगाते थे तेरे दादा, मालूम है?” मी बाटली घेऊन पळत रस्त्यावर गेलो तोवर तो माणूस वळणापलीकडे गेला होता.

नंतरचे दिवस आठवा. मुंबईहून आग्रा महामार्गाने माणसांची रांग लागली. नाशिक, मालेगाव, मग लळिंगच्या किल्ल्याखालून धुळे, शिरपूर, आणि पुढे बिजासनचा घाट. फारुकींच्या काळातला तो किल्ला वरून बघत होता, आणि खालून डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं घेऊन आजचे गरीब चालले होते. रमजान सुरू होता. ८ मे, चौदावा रोजा, जुम्मा. सकाळीच बातमी आली की जालन्याहून निघालेल्या १६ मजुरांना करमाडजवळ मालगाडीने चिरडलं. थकून रुळांवरच झोपले होते. कुठे निघाले होते? आमच्या भुसावळला, गाडी धरायला. रुळांवर पसरलेल्या भाकऱ्यांचा फोटो सगळ्या देशाने पाहिला. ती माणसं पोचली असती तर आमच्याच फलाटावर कोणाकडे तरी पाणी मागणार होती.

त्या संध्याकाळी मी मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर महामार्गावर गेलो. ताडपत्रीखाली खिचडीचं पातेलं, माठ, बिस्किटांचे पुडे, कोणीतरी जुन्या चपलांचा ढीग आणून ठेवलेला. शेजारच्या खेड्यातले एक आप्पा छोटा हत्ती भरून केळी घेऊन आले होते. बाजार बंद, माल पडून. ते प्रत्येकाला थांबवून म्हणत, “बठ ना भाऊ, पानी पी.” त्याच दिवसांत भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकलण्याचे व्हिडीओ देशभर फिरत होते. तबलीगच्या नावाने आमच्याकडे कसं पाहिलं जात होतं ते वाचकांना सांगायला नको. पण त्या ताडपत्रीखाली कोणी कोणाचं नाव विचारलं नाही. एका म्हाताऱ्या मजुराने खिचडी घेण्याआधी विचारलं, “कितना पैसा?” पैसे नाहीत कळल्यावर तो थोडा वेळ द्रोण हातात धरून उभाच राहिला. अजान झाली तेव्हा पोरांनी खजूर तोंडात टाकला, आणि आप्पांनी पोरांच्या हातातून वाढणी काढून घेतली, की आधी तुम्ही रोजा सोडा.

त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या २९ परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले. निकालात न्यायमूर्तींनी अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या परंपरेची आठवण करून दिली. परक्याशी कसं वागायचं, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

राईनपाडा आणि ती ताडपत्री, दोन्ही एकाच धुळे जिल्ह्यातली, दोन वर्षांच्या अंतराने. दोन्हीकडे परका माणूस समोर आला. एकीकडे अफवा आधी पोचली, दुसरीकडे पाणी आधी पोचलं. मला इतिहासाने शिकवलेलं एवढंच आहे, की पाणी आधी पोचेल अशी सोय करून ठेवावी लागते. ऐन वेळी ती सुचत नाही, मला सुचली नव्हती.

आता मार्चपासून आमच्या गेटबाहेर दादांचा रांजण असतो. रोज सकाळी तो धुवायचा, भरायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि पेला साखळीने बांधायचा. अम्मींनी परवा ती साखळी सोडायला लावली. म्हणाल्या, “एखादा पेला गेला तर जाऊ दे. मुसाफिराला चोर समजून पाणी नको पाजू.”