न दुखणाऱ्या दुखण्याची गोष्ट



आपल्या समूहावर सुरतच्या जुन्या आठवणी निघाल्या की गाडी 1994च्या प्लेगवर येतेच. मीही तिथूनच सुरुवात करतो, पण सांगायचं आहे ते वेगळंच.

त्या सप्टेंबरात लाखो लोकांनी सुरत सोडली. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारीही बायकामुलांना घेऊन गावी, धुळ्याकडे गेला. महिन्याभराने परतला तेव्हा खिशातली टेट्रासायक्लिनची उरलेली पाकिटं दाखवत म्हणाला, "वाचलो रे बाबा!" डिसेंबरात एका दुपारी कॅश टॅली करताना त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय 46. अंगाने काटकुळा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. "बारीक माणसाला कसला हार्टचा त्रास?" असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो. त्याचं बीपी किंवा साखर त्याआधी कधी कुणी मोजलीच नव्हती.

यात कुणा एकाचा दोष नव्हता. तेव्हाची रीतच तशी होती. ताप, खोकला, जुलाब झाले की फॅमिली डॉक्टरकडे जायचं, बाटलीतलं लाल औषध घ्यायचं. तक्रार नाही तर तपासणी नाही. खरं तर तक्रारीच्या आधी बघायला हवं, हे जगाला बरंच आधी उमगलं होतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात 1948पासून 5,209 धडधाकट माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट हे पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचना देतात, हे त्या चोपडीतून निघालं.

आणि बारीक माणसाचं कोडं सोडवलं ते आपल्या पुण्याने. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! आपल्या लोकांचे हातपाय बारीक असले तरी चरबी आत, पोटाशी साठते. तो लेख वाचला तेव्हा मला माझा मित्रच डोळ्यांसमोर दिसला.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मित्र गेल्यानंतर काही महिन्यांनी मी खोकल्यासाठी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी न विचारताच पाऱ्याच्या यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळला. 160 वर 100. गोळ्या लिहून दिल्या, महिन्याने यायला सांगितलं. दोन महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटलं म्हणून सोडून दिल्या. तसं बरं तर आधीही वाटत होतंच! चिठ्ठी पासबुकांच्या खणात गेली. 2003मध्ये मला दोन स्टेंट बसले, तेव्हा सौ.ने ती चिठ्ठी शोधून माझ्यासमोर ठेवली. बोलली काहीच नाही.

बँकेत आम्ही कर्जाचा हप्ता एकदा चुकला की खात्यावर खूण करायचो. पण नुसती खूण करून वसुली होत नाही. कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो. डेन्मार्कमध्ये हजारो लोकांची अशी तपासणी करून त्यांना राहणीमान सुधारण्याचा सल्ला दिला, तरी 10 वर्षांनी हृदयविकाराच्या आकड्यात फरक पडला नाही. नुसता आकडा कळणं आणि सल्ला मिळणं पुरत नाही. सापडलेल्या बीपीवर, साखरेवर उपचार चालू राहिले तरच उपयोग. माझ्याइतका याचा साक्षीदार दुसरा कोण?

प्लेगनंतर सुरत मात्र शिकली. 1995मध्ये आयुक्त एस. आर. राव आले, शहर झाडून निघालं आणि तापाच्या रोग्यांची रोजच्या रोज नोंद होऊ लागली. पण हे नवं दुखणं तापासारखं बोलत नाही. 2010मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे 30 वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायची असं ठरलं. आशाताई घरी जाऊन एक फॉर्म भरतात, हे मला कसं कळलं माहीत आहे? आमच्याकडे कामाला येणाऱ्या लिंबायतच्या ताईंनी फोनमधला फोटो दाखवला, "काका, हे गुजरातीत काय लिहिलंय?" त्यांची साखर 210 निघाली होती. आता त्या आरोग्य केंद्रातून दर महिन्याला गोळ्या आणतात, एकही तारीख चुकवत नाहीत.

तो फॉर्म म्हणजे साधी बेरीज आहे. रविवारी जेवणाच्या टेबलावर मी मुलाचा भरला. वय 38, एक गुण. सौ.च्या शिवणाच्या डब्यातल्या टेपने कंबर मोजली, 96 सेंटीमीटर, एक गुण. आठवड्याला 150 मिनिटंही व्यायाम नाही, एक. आईवडिलांपैकी कुणाला बीपी, मधुमेह, हृदयविकार? माझ्याकडे बघून तो हसला. दोन गुण. एकूण पाच. चारच्या वर गेलं की तपासणी आधी करून घ्यायची.

"बाबा, मला काही होत नाहीये."

"त्यालाही काही होत नव्हतं," मी म्हणालो. त्याला काका आठवत होते. शाळेच्या सुट्टीत बँकेत आला की त्याला पेपरमिंट द्यायचे ते.

गेला तो. तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1 आली. मधुमेह 6.5ला धरतात, म्हणजे उंबरठ्यावर. पुन्हा तपासणीची तारीख मी कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवली आहे.

मंडळी, सुरतचं जेवण सोडा असं मी म्हणणार नाही, चंदी पडव्याला घारी मीही एक खातो. पण घरात जे कुणी तिशी ओलांडलेले आहेत, त्यांचं बीपी आणि साखर या महिन्यात मोजून घ्या. आकडा खणात टाकू नका. पुढची तारीख भिंतीवर लिहा. आणि तुमच्या घरात कुणी असं अचानक गेलं असेल, तर त्यांची आठवण खाली जरूर लिहा.