पोर्शे

पोर्शे ही जर्मनीतील स्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन या भागात मुख्यालय असलेली, स्पोर्ट्‌स कारसाठी प्रसिद्ध असलेली मोटार कंपनी आहे. 'डॉ. इंग. एच. सी. एफ. पोर्शे एजी' हे तिचे अधिकृत नाव. फेर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ साली सुरू केलेल्या आरेखन कार्यालयातून तिचा उगम झाला. स्वतःच्या नावाची पहिली मोटार मात्र १९४८ साली तयार झाली. १९६३ साली सादर झालेली ९११ ही मोटार अनेक पिढ्यांच्या बदलांसह आजही बनवली जाते आणि कंपनीची ओळख तिच्यावरच उभी आहे. २०१२ पासून कंपनीचा मोटार व्यवसाय फोक्सवॅगन समूहाचा भाग आहे. या समूहाच्या भारतातील व्यवसायाचे मुख्यालय पुण्यात आहे, पण पोर्शेचे उत्पादन भारतात होत नाही.

नाव व चिन्ह

हे संस्थापकाचे आडनाव असून जर्मनमध्ये त्याचा उच्चार दोन अक्षरी, शेवटचा स्वर अस्पष्ट ठेवून केला जातो. मराठी वृत्तपत्रांत 'पोर्शे' आणि 'पोर्श' ही दोन्ही रूपे आढळतात. मूळ उच्चाराला पहिले रूप अधिक जवळचे आहे. १९५२ साली स्वीकारलेल्या बोधचिन्हाच्या मध्यभागी स्टुटगार्ट शहराच्या मानचिन्हातील घोडा आहे. भोवतीची सांबरशिंगे आणि काळे-तांबडे पट्टे व्युर्टेंबेर्ग प्रांताच्या परंपरेतून आले आहेत.

संस्थापक व आरंभकाळ

फेर्डिनांड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील बोहेमियात, माफर्सडोर्फ या गावी झाला. हे गाव आता चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्स शहरात मोडते. व्हिएन्ना येथील लोनर कंपनीसाठी त्यांनी चाकांच्या तुंब्यातच विद्युत मोटर बसवलेली गाडी तयार केली व ती १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. विजेवर चालणाऱ्या मोटारी ही या घराण्याची अलीकडची वाट आहे असा समज असतो, पण त्यांच्या कामाची सुरुवातच तेथून झाली आहे. पुढे ऑस्ट्रो-डाइमलर आणि डाइमलर-बेंझ या कंपन्यांत काम केल्यावर २५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी स्टुटगार्ट येथे स्वतःचे आरेखन व सल्ला कार्यालय नोंदवले.

या कार्यालयाचे भागीदार तीन होते: स्वतः पोर्शे, त्यांचे जावई व वकील आंटोन पिएख आणि शर्यतपटू आडोल्फ रोझेनबेर्गर. रोझेनबेर्गर यांनी आरंभीच्या अडचणीच्या काळात पैसा पुरवला व व्यवहाराची बाजू सांभाळली. ते ज्यू होते. नाझी राजवट आल्यानंतर १९३५ साली त्यांचा १० टक्के हिस्सा केवळ दर्शनी किमतीला पोर्शे कुटुंबाकडे गेला. त्याच वर्षी त्यांना अटक होऊन छळछावणीत डांबण्यात आले. सुटकेनंतर ते देश सोडून अखेर अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९६७ साली तेथेच वारले. महायुद्धानंतर त्यांनी दावा लावला तेव्हा भरपाई देऊन तो मिटवण्यात आला. भागीदारी मात्र परत मिळाली नाही. कंपनीच्या इतिहासलेखनात त्यांचे नाव दीर्घकाळ जवळजवळ गाळले गेले होते. अलीकडच्या दशकांतच त्यांच्या वाट्याची नीट नोंद होऊ लागली.

हिटलरच्या सरकारने सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार बनवण्याचे काम १९३४ साली पोर्शे यांच्याकडे सोपवले. त्यातून निघालेली गाडी पुढे 'बीटल' म्हणून जगभर पोहोचली. १९३७ साली ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. युद्धकाळात त्यांच्या कार्यालयाने सैन्यासाठी वाहने व रणगाड्यांची आरेखने केली आणि आज वुल्फ्सबुर्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावातील फोक्सवॅगनच्या कारखान्यात वेठीस धरलेल्या हजारो कामगारांकडून काम करून घेतले गेले. युद्धानंतर फ्रेंचांनी फेर्डिनांड पोर्शे यांना अटक केली व सुमारे वीस महिने तुरुंगात ठेवले. त्यांचे निधन ३० जानेवारी १९५१ रोजी झाले.

३५६

वडील तुरुंगात असताना काम मुलगा फेरी पोर्शे यांनी पुढे नेले. बॉम्बहल्ल्यांमुळे कार्यालय १९४४ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड या लहान गावी एका लाकूड-गिरणीच्या जागेत हलवले होते. आपल्याला हवी तशी मोटार बाजारात सापडली नाही म्हणून ती स्वतः बनवली, असे फेरी सांगत असत. ८ जून १९४८ रोजी परवाना मिळालेल्या या पहिल्या '३५६' गाडीत बीटलचेच ११३१ घनसेंमीचे इंजिन सुधारून बसवले होते व त्याची शक्ती जेमतेम ३५ अश्वशक्ती होती. हलके वजन आणि हवेला कमी अडवणारा आकार यांवर सारी भिस्त होती. ग्म्युंडमध्ये पन्नासच्या आसपास गाड्या हाताने बनवल्यावर १९५० साली उत्पादन पुन्हा स्टुटगार्टला आले. पुढच्याच वर्षी ३५६ ने ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. विकलेल्या प्रत्येक बीटलमागे फोक्सवॅगनकडून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचाही या काळात मोठा आधार होता. १९६५ पर्यंत सुमारे ७६ हजार ३५६ गाड्या बनल्या.

९११

३५६ ची जागा घेणारी मोटार सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात '९०१' या नावाने मांडली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्समधील प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे १९६४ साली शून्याच्या जागी एक आला. बाह्यरूप फेरी यांचे पुत्र फेर्डिनांड आलेक्झांडर पोर्शे यांच्या देखरेखीखाली ठरले. इंजिन २ लिटर क्षमतेचे, हवेने थंड होणारे, आडव्या व समोरासमोरच्या सहा सिलिंडरांचे होते व त्याची शक्ती १३० अश्वशक्ती होती.

हे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवले आहे. बीटलकडून आलेला हा वारसा इतर मोटार उत्पादकांनी एकेक करून सोडला. त्याचा फायदा असा की वजन शक्ती मिळणाऱ्या मागच्या चाकांवर पडल्याने वेग घेताना व वळणातून बाहेर पडताना ती चाके रस्ता घट्ट धरतात. तोटाही त्यातच आहे. मागे जड भरलेली बैलगाडी जशी उलाळ होते, तसा या गाडीचा पुढचा भाग हलका राहतो. भर वळणात चालकाने घाबरून वेगवर्धकावरचा पाय एकदम काढला की वजन पुढे सरकते, मागची चाके पकड सोडतात आणि जड मागचा भाग लंबकासारखा बाहेर फेकला जातो. सुरुवातीच्या ९११ गाड्यांचा या दोषासाठी दुर्लौकिक होता. १९६९ च्या आवृत्तीत आसांमधील अंतर ५७ मिमीने वाढवून वजनाचा तोल सुधारला गेला. १९७२ च्या 'कॅरेरा आरएस २.७' ला मागे बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा देऊन वेगात गाडी दाबून धरण्याची सोय झाली. १९७४ साली आलेल्या २६० अश्वशक्तीच्या 'टर्बो' आवृत्तीत शक्ती उशिरा व एकदम येत असल्याने ती पुन्हा अवघड ठरली. त्यानंतर निलंबन, टायर, चारही चाकांना शक्ती आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यांनी हा स्वभाव हळूहळू माणसाळवला.

९११ चे आकर्षण समजून घेताना हा इतिहास महत्त्वाचा ठरतो. कागदावर चुकीची ठरणारी रचना टाकून न देता सहा दशके सुधारत नेण्याची उदाहरणे मोटार उद्योगात फार थोडी आहेत. गोल दिवे, मागे उतरत जाणारे छप्पर आणि इंजिनाचा वेग दाखवणारी मधली मोठी तबकडी यांमुळे १९६४ ची व आजची गाडी शेजारी उभी केली तरी नाते ओळखू येते. गाडी सुरू करण्याची सोय चालकाच्या बाहेरच्या बाजूला ठेवण्याची प्रथाही टिकली आहे. ल मान्समध्ये चालक धावत येऊन गाडी सुरू करत असल्याने ती पडली, असे सांगितले जाते.

कंपनीला स्वतःला मात्र ९११ कायम हवी होती असे नाही. १९७७ साली पुढे इंजिन असलेली ९२८ तिची जागा घेण्यासाठी आणली गेली. तिला युरोपातील 'वर्षातील मोटार' हा सन्मानही मिळाला. १९८१ साली पीटर शुट्झ प्रमुख झाले तेव्हा ९११ बंद करण्याचे ठरल्यात जमा होते. मुख्य अभियंता हेल्मुथ बॉट यांच्या दालनातील भिंतीवरच्या तक्त्यात ९११ ची रेघ १९८१ पाशी थांबलेली पाहून शुट्झ यांनी ती तक्त्याच्या बाहेर भिंतीवर ओढत नेली, ही कथा पोर्शेप्रेमींमध्ये प्रसिद्ध आहे. ९२८ चे उत्पादन १९९५ साली थांबले.

शर्यती

लहान इंजिनाच्या गाड्यांनी मोठ्यांना गाठायचे, ही आरंभीची नीती होती. १९५३ ची ५५० स्पायडर त्यासाठीच बनली. १९५५ साली हॉलिवूड अभिनेता जेम्स डीन याचा मृत्यू याच गाडीच्या अपघातात झाला. फेर्डिनांड यांचे नातू फेर्डिनांड पिएख यांच्या नेतृत्वाखाली, मोठा खर्च करून बनलेल्या ९१७ ने १९७० साली ल मान्सचे पहिले सर्वंकष विजेतेपद मिळवून दिले; हान्स हेरमान व रिचर्ड अॅटवूड हे तिचे चालक होते. २०१७ पर्यंत अशी एकूण १९ विजेतेपदे कंपनीकडे आली. पॅरिस-डाकार ही वाळवंटी शर्यतही तिने १९८४ व १९८६ साली जिंकली.

संकट, पुनरुज्जीवन आणि फोक्सवॅगन

घराण्यातील वादांमुळे १९७२ साली पोर्शे व पिएख कुटुंबीय दैनंदिन कारभारातून बाहेर पडले व कंपनीचे भागभांडवली कंपनीत रूपांतर झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास वार्षिक विक्री ५० हजारांच्या वर गेली. डॉलर घसरल्यावर अमेरिकी बाजार कोसळला आणि १९९३ पर्यंत ती १५ हजारांच्याही खाली आली. वेंडेलिन वीडेकिंग यांनी जपानी सल्लागार आणून कारखान्यातील साठे व वाया जाणारा वेळ कमी केला. १९९६ ची बॉक्स्टर व १९९७ ची नवी ९११ यांचे बरेच सुटे भाग समान ठेवले गेले. त्याच ९११ मध्ये इंजिन पाण्याने थंड होऊ लागले, हे जुन्या चाहत्यांना सहजी पचले नाही. २००२ ची कायेन तर स्पोर्ट्‌स कारही नव्हती, पण ९११ साठी लागणारा पैसा तिनेच मिळवून दिला.

२००५ पासून पोर्शेने आपल्याहून कितीतरी मोठ्या फोक्सवॅगनचे समभाग घेण्यास सुरुवात केली. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने आपला हिस्सा व पर्याय-करार जाहीर करताच बाजारात समभागांची टंचाई होऊन फोक्सवॅगनचा भाव एक हजार युरोंच्या वर गेला आणि ती काही काळ जगातील सर्वाधिक मूल्याची कंपनी ठरली. त्याच वेळी जागतिक मंदीत कर्ज मिळणे बंद झाले. गिळायला निघालेली पोर्शेच कर्जात बुडाली. जुलै २००९ मध्ये वीडेकिंग पायउतार झाले आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी फोक्सवॅगनने पोर्शेचा मोटार व्यवसाय पूर्णपणे ताब्यात घेतला. तरीही फोक्सवॅगनच्या मतदान हक्कांचे बहुमत पोर्शे-पिएख घराण्याच्या धारक कंपनीकडे आहे. म्हणजे व्यवसाय गेला तरी सत्ता घरातच राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये पोर्शे शेअर बाजारात आली तेव्हा एकूण समभागांची संख्या मुद्दाम ९१ कोटी १० लाख ठेवण्यात आली होती. दशलक्षांत मोजल्यास ती ९११ भरते.

२०१९ साली टायकान ही पहिली पूर्ण विद्युत पोर्शे आली. चीनमधील घटता खप आणि विद्युत मोटारींची मंद मागणी यांमुळे सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने काही विद्युत योजना पुढे ढकलून इंधनावर चालणारी प्रारूपे अधिक काळ ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.

भारत व महाराष्ट्र

फोक्सवॅगन समूहाचे महाराष्ट्रात पुण्याजवळ चाकण आणि छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे कारखाने आहेत. ऑडीच्या अनेक गाड्यांची जुळणी शेंद्र्याला होते. पोर्शे मात्र पूर्ण तयार अवस्थेत आयात केली जाते. ४० हजार डॉलरहून महाग मोटारींवरील आयात कर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरही ११० टक्क्यांच्या घरात होता, त्यामुळे किंमत दुपटीहून वाढते. खड्डे व गतिरोधकांमुळे येथेही उंच बांधणीच्या कायेन व माकान यांनाच अधिक मागणी असते. जर्मनीच्या ऑटोबानवर आजही काही टप्प्यांत सक्तीची वेगमर्यादा नाही. नागपूर ते मुंबई या ७०१ किमी लांबीच्या समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ती ताशी १२० किमी आहे, तर साध्या ९११ चा कमाल वेग २९० किमीच्या आसपास आहे.

मराठी वाचकांच्या मनात हे नाव एका दुर्घटनेशीही जोडले गेले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे भरधाव टायकानने दुचाकीला धडक दिली व मूळचे मध्य प्रदेशातील दोन तरुण संगणक अभियंते ठार झाले. मोटार चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. विद्युत वाहनांना राज्यात रस्ता कर माफ असल्याने या कोट्यवधींच्या गाडीच्या नोंदणीसाठी केवळ १,७५८ रुपये शुल्क भरणे बाकी होते आणि ते न भरल्याने ती कायम क्रमांकाविनाच रस्त्यावर होती. बाल न्याय मंडळाने मुलाला काही तासांत जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्यावर राज्यभर संताप उसळला. नंतर त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील दोन डॉक्टरांना, तसेच मुलाच्या पालकांना अटक झाली. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुलाची निरीक्षणगृहातून सुटका करण्याचा आदेश दिला आणि त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.