मागच्या काचेचा वायपर आणि मेरीबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत. इतिहास लिहायचा तर तो राजेरजवाड्यांचा, आणि तो लिहिणारे विद्वान वेगळे. परंतु एका लहानशा वस्तूचा इतिहास मला ठाऊक झाला आहे, आणि तो मी हात काळे करून शिकले आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या काचेवरचे पाणी पुसणारी दांडी, म्हणजेच वायपर.

आमच्या साखरशेतचा पाऊस आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. जव्हारच्या डोंगरावर एकदा ढग टेकले की समोरचे झाड दिसत नाही. आमच्या घरी एक जुनी, दुसऱ्या हाताची गाडी आहे. बाजारहाट, दवाखाना, मुलांची परीक्षा, सर्व तिच्यावरच चालते. तिची पाठ सरळ उभी आहे. अशी गाडी धावू लागली की तिच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडविलेला तांबडा चिखल मागच्याच काचेवर येऊन बसतो. म्हणून अशा गाड्यांना मागेही एक वायपर असतो. आमचा तो वायपर वर्षभर बंद होता. "मागे कोण बघतो? फडक्याने पुसू," असे घरात सगळेच म्हणत. मीही त्यांतच होते.

मागल्या श्रावणात हे अंगणातून गाडी मागे घेत होते. पाऊस चालू होता. शेजारचे पाच वर्षांचे पोर डोक्यावर प्लॅस्टिकचे घोंगते घेऊन गाडीच्या मागे पाण्यात होडी सोडीत बसले होते. काच चिखलाने भरलेली. यांना ते दिसले नाही. जाऊबाई पडवीतून किंचाळल्या म्हणून गाडी थांबली. पोर आणि गाडी यांत वीतभर अंतर राहिले होते. त्या रात्री आमच्या घरात कोणी धड जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्तीला नेली. तेथे सांगितले, मोटर बदलावी लागेल, गाडी चार दिवस ठेवा. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही परत आलो. घरी मी म्हटले, "मी उघडून बघते." सगळे हसले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे काय शिवणयंत्र आहे?"

माझ्या लेकीला मात्र हसू आले नाही. तिने मला एक हकिकत वाचून दाखविली, ती अशी.

अमेरिकेत अलाबामा प्रांतात मेरी अँडरसन नावाची एक बाई होती. तिचा जन्म १८६६ सालचा. १९०२-०३ च्या हिवाळ्यात ती न्यूयॉर्क शहरी गेली असता ट्रामगाडीत बसली. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. ट्राम चालविणाऱ्याला पुढचे दिसेना, म्हणून काच उघडी टाकून तो बिचारा थंडीत कुडकुडत होता. इतर उतारूंनीही हे पाहिलेच असेल. परंतु हिच्या मनात आले की, आतून हाताने फिरविता येईल अशी एक दांडी काचेवर का नसावी? घरी जाऊन तिने तसा आराखडा केला. लाकूड-रबराची पट्टी, ती काचेला दाबून धरण्यासाठी स्प्रिंग व वजन, आणि आत चालविणाऱ्याच्या हाताशी दांडा. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला सरकारकडून त्याचे पेटंट मिळाले.

पुढे काय झाले? १९०५ साली कॅनडातील एका कंपनीला तिने ही कल्पना देऊ केली. त्यांनी उत्तर दिले की, या वस्तूला विकण्याजोगे मोल नाही. दांडी समोर हलत राहिल्याने चालविणाऱ्याचे लक्ष उडेल, असेही लोक म्हणत. तेव्हा मोटारी फार थोड्या होत्या. फोर्डची स्वस्त मॉडेल टी गाडी १९०८ साली आली. मोटारी घरोघर होईपर्यंत मेरीबाईच्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत संपून गेली होती. १९२२ साली कॅडिलॅक गाडीला वायपर कारखान्यातूनच बसवून येऊ लागला, पण बाईच्या हाती एक पैसाही आला नाही. १९५३ साली ती वारली. अमेरिकेतील नामवंत संशोधकांच्या यादीत तिचे नाव गेले ते २०११ साली!

आणि ती एकटी नव्हती. विजेवर चालणारा काच पुसण्याचा साचा १९१७ साली शार्लट ब्रिजवुड या दुसऱ्या बाईने पेटंट केला. तिलाही त्यातून लाभ झाला नाही. त्यानंतर बराच काळ पुष्कळ गाड्यांचे वायपर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालत. त्यांची खोड अशी की, चढावर गाडीला जोर दिला की वायपर मंदावे! आपल्या घाटात त्यांची काय गत झाली असती, याची कल्पनाच करावी. मागच्या काचेचा वायपर गाड्यांना सर्रास मिळू लागला तो आणखी पुढे. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९६९ साली आपल्या लांब पाठीच्या गाडीला तो दिला होता.

हे ऐकल्यावर मला धीर आला. प्रथम फ्यूज पाहिला. तो चांगला होता. मग बटण दाबून मागच्या दाराला कान लावला. आत मोटर घुमत होती, पण दांडी हलत नव्हती. म्हणजे मोटर जिवंत. अडले होते दुसरेच काही. शिवणयंत्राला वर्षभर तेल दिले नाही की दांडा असाच जाम होतो.

बॅटरीची ऋण तार काढली. दांडी काचेवर कोठे टेकते तेथे चिकटपट्टी लावून खूण केली. टोपण उचलून दहाच्या पान्याने नट काढला आणि दांडी हळूहळू हलवीत सोडविली. खाली दांड्याभोवती गंजाचा थर होता. गंज सोडविणारे तेल दोन दिवस थेंब थेंब घातले, तरी तो फिरेना. तेव्हा आतले आवरण काढले (त्यात एक क्लिप माझ्या हातून तुटली) आणि मोटर बाहेर घेतली. लाकडाच्या तुकड्याने ठोकून दांडा सोडविला, पॉलिशपेपरने घासला, ग्रीस लावले. काचेजवळची रबरी कडी चिरली होती. पाणी तेथूनच आत जात होते. ती नवी आणली.

एक चूकही केली. दांडी घाईने बसविली आणि ती चौकटीवर आपटली. मागाहून समजले की, आधी मोटर चालवून बंद करावी, तिला तिच्या ठरल्या जागी थांबू द्यावे, आणि मगच खुणेवर दांडी बसवावी. तसेच काच ओली केल्यावाचून वायपर चालवू नये. काचेला ओरखडे पडतात व मोटरवर ताण येतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दांडी फिरली. चिखल बाजूला सरला आणि काचेतून अंगण दिसले, जाऊबाई दिसल्या, शेजारचे ते पोरही दिसले. भाऊजी काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पंपाची कुरकुर मला ऐकविली.

भगिनींनो, सर्वच बिघाड घरी सुटतात असे मी म्हणत नाही. मोटर जळाली असेल तर ती बदलावीच लागते. परंतु आधी आपण उघडून पाहावे, कान लावावा. आणि एक सांगणे आहे: वायपर कितीही चांगला चालो, गाडी मागे घेताना एकीने उतरून मागे उभे राहावे. आमच्या घरी आता हा नियमच आहे.

चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.