महाग भाजीचा हिशेब



चंद्रपूरच्या गोल बाजारात साधी भेंडी एका भावाने आणि ‘सेंद्रिय’ भेंडी बऱ्याच चढ्या भावाने मिळते. सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी सगळीच भाजी शेणखताची होती, तेव्हा कुठे महाग होती?” प्रश्न खरा आहे.

१९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला शेती संशोधनाची संस्था उभारली. शेण, पालापाचोळा आणि गोमूत्र मुरलेली माती यांपासून खत करण्याची त्यांची ‘इंदूर पद्धत’ पुढे जगभर गेली. इथले शेतकरी आणि पिकावरची कीड, दोघांनाही ते आपले गुरू म्हणत. कीड आली म्हणजे जमिनीत काहीतरी बिघडलंय, हे ती सांगते, असं त्यांचं म्हणणं.

१९६० नंतर हरितक्रांती आली आणि तिच्याबरोबर रासायनिक खतं आणि फवारणी. ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २७० रुपयांच्या आत मिळते, कारण बाकीचे पैसे सरकार भरतं. म्हणजे स्वस्त भाजीचे थोडे पैसे आपण करातून आधीच दिलेले असतात. शेणखत वाहणं, हाताने निंदणं, किडीने खाल्लेला माल सोसणं, याला मात्र तसा आधार नाही. तो खर्च भावात दिसतो.

आणखी एक किंमत पाटीवर लिहिलेली नसते. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ती कपाशी होती, भाजी नव्हे. पण फवारणीचा पंप भाजीच्या शेतातही पाठीवरच असतो. कंदमुळं टाळून आपण जीव वाचवतो; मग फवारणाऱ्याच्या जिवाचा विचार आपल्या अहिंसेत नको का?

सेंद्रिय म्हणजे निर्दोष, असंही नाही. तिथेही निंबोळी अर्क फवारतात, आणि फुलकोबीत अळी जास्त सापडते. शोधून घेण्याचा आपला नियम तिथे दुप्पट पाळावा लागतो.

मी असं ठरवलंय: भेंडी, टोमॅटो, मिरची सालीसकट खातो, म्हणून त्यांना जास्तीचे पैसे द्यायचे, तेही ओळखीच्या शेतकऱ्याला. दुधी, दोडका साल काढून करतो, ते साधे चालतात.

आणि पावसाळ्यात गडचिरोलीच्या जंगलातून बाया काटवलं आणतात. चातुर्मासात पालेभाजी बंद असते, तेव्हा ज्यांच्याकडे काटवल चालतं त्यांनी ते जरूर घ्यावं. त्याच्यावर कोणी फवारत नाही. फळ तोडलं तरी कंद जमिनीतच राहतो, पुढच्या पावसात पुन्हा वेल धरतो. भाव जास्त वाटतो खरा, पण ती बाई पहाटेपासून रान तुडवून आलेली असते. तिच्याशी घासाघीस करू नका.